उजेड मंद, तरी बल्ब उडतो : एका स्कूटरच्या हेडलाइटचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी ११० सीसीची गियरलेस स्कूटर. २०१७ सालची, कार्ब्युरेटरवाली, पुढे साधा हॅलोजन बल्ब. मालकीण ऐरोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, घर खारेगावात. दुसरी पाळी सुटेपर्यंत रात्रीचे अकरा होतात. मग ठाणे-बेलापूर रोडने दिघा, विटावा करत कळवा नाका. विटाव्याचा रेल्वेखालचा सबवे या भागातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं, आणि पाण्याखाली खड्डा कुठे आहे ते हेडलाइटच्या भरवशावर ओळखायचं. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, गाडीतला दोष आणि तो सापडण्याचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे.

गाडीच्या सालाला इथे महत्त्व आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींमध्ये इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट पेटलेला राहणं सक्तीचं झालं आणि हॅन्डलवरचं लाइट बंद करायचं बटण गेलं. म्हणजे जो बल्ब पूर्वी संध्याकाळनंतर पेटायचा, तो आता भर दुपारीही तापत असतो. त्याच्याबरोबर होल्डर आणि मागचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लगही दिवसभर शेकतात. सहा-सात वर्षांनी या जागा कमजोर होणारच, हे धरूनच अशी गाडी उघडायला घ्यावी.

दुसरी गोष्ट, या मॉडेलमध्ये हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चाकाच्या) आतल्या कॉइल प्लेटमधून एसी करंट थेट लाइटच्या लाइनवर येतो. इंजिन बंद, तर लाइट बंद. रेस दिली की व्होल्टेज चढतं, आणि ते ठरावीक मर्यादेवर रोखून धरायचं काम आरआर युनिटचं, म्हणजे रेग्युलेटरचं. हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ हे सगळं बॅटरीवर. हेडलाइट, टेललाइट आणि स्पीडोमीटरचा दिवा या एसी लाइनवर. ही विभागणी डोक्यात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

अडचण

पावसाळ्याच्या सुरुवातीला हेडलाइटचा बल्ब उडाला. जवळच्या गॅरेजमध्ये बदलला, पंधरा दिवसांत तोही गेला. तिथल्या मुलाने सांगितलं, ‘ताई, हे बारीक बल्ब टिकत नाहीत, जाड टाकतो.’ त्याने कारमध्ये लावतात तो ६०/५५ वॅटचा (हाय बीम ६०, लो बीम ५५) बल्ब बसवला. मूळ बल्ब ३५/३५ वॅटचा. दोघांची बैठक इतकी सारखी दिसते की थोडं घासून-दाबून मोठा बल्ब बसतो, आणि इथेच बरेच जण फसतात.

मोठा बल्ब उडाला नाही, पण उजेड पिवळट झाला. सिग्नलला थांबलं की जवळजवळ विझल्यासारखा. तासभर गाडी चालवली की हॅन्डलच्या आतून प्लास्टिक तापल्याचा वास. दुसऱ्या मेकॅनिकने डिपर स्विच बदलला. फरक शून्य. तिसऱ्याने मूळ मापाच्या बल्बचा रोध मल्टिमीटरवर मोजला, ०.४ ओहम आलं म्हणून ‘शॉर्ट’ म्हणाला, आणि आरआर व कॉइल प्लेट दोन्ही बदलायचा अंदाज दिला.

त्या ०.४ ओहमबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. १२ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध साधारण चार ओहम असतो. गार असताना तीच तार त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास दाखवते. ०.४ हा चांगल्या बल्बचा आकडा आहे. तो शॉर्ट नाही.

गाडी माझ्याकडे आली ती या टप्प्यावर. ताईंचा प्रश्न सरळ होता : ‘दादा, कॉइल प्लेट खरंच गेलीय का? तेवढं सांगा, मग पैशांचं बघते.’

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, तिसऱ्या मेकॅनिकचं ऐकून आरआर आणि कॉइल प्लेट दोन्ही बदलणं. कॉइल प्लेट काढायची म्हणजे पंख्याचं कव्हर, पंखा, मग पुलर लावून मॅग्नेट. मजुरी आणि सामान मिळून खर्च चांगलाच. आणि दोष दुसरीकडे असेल तर नवी कॉइलही तेवढाच मंद उजेड देणार.

दुसरा, फक्त आरआर बदलणं. हा मोह मोठा असतो, कारण चार मिनिटांचं काम. पण याची एक गंमत आहे. आरआर बदलताना कपलर निघतो आणि परत बसतो. त्या काढ-घालीत आतल्या पिना घासल्या जातात, गंज खरवडला जातो आणि दोष तात्पुरता जातो. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश. महिन्याभराने पुन्हा बल्ब उडतो आणि ‘आजकाल पार्टच डुप्लिकेट येतात’ असं म्हणून सगळे मोकळे.

तिसरा पर्याय ताईंनी स्वतःच काढला : एलईडी बल्ब. ऑफिसातल्या कोणीतरी सुचवलेला. याला मी नाही म्हटलं. एसी लाइनवर साधा एलईडी लुकलुकतो, आणि हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा झोत नीट बांधला जात नाही, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय लाइनवर व्होल्टेज खरंच बेफाम चढत असेल, तर एलईडीमधलं सर्किट बल्बच्याही आधी मरेल.

चौथा, आधी मोजणं. यात पार्ट विकला जात नाही, वेळ जातो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की हा नुसता मीटर लावून बसलाय. तरीही तोच घेतला. कारण तक्रारीतच एक विसंगती होती. मंद उजेड म्हणजे व्होल्टेज कमी. बल्ब वारंवार उडणं म्हणजे व्होल्टेज जास्त, नाहीतर हादरे. एकाच दोषातून या दोन्ही गोष्टी सहसा निघत नाहीत. दोन दोष एकमेकांवर चढलेले असावेत, असा संशय तिथेच आला.

एक प्रश्न

पाना हातात घेण्याआधी ताईंना विचारलं, ‘बल्ब उडाला तेव्हा मागचा लाइट किंवा मीटरचा दिवा गेला होता का?’ त्यांनी जरा आठवून सांगितलं, ‘मीटर दिसत नाही रात्री, बरेच दिवस झाले. मागचा लाइट एका पोलिसाने दाखवला तेव्हा कळलं, मग बदलला. पण ते वेगळं ना?’

ते वेगळं नव्हतं. हेडलाइटचा बल्ब नुसत्या हादऱ्याने किंवा काचेला बोटाचं तेल लागून उडाला असता, तर टेललाइट आणि मीटरचे दिवे शाबूत राहिले असते. तिन्ही दिवे एकाच एसी लाइनवर, आणि तिन्ही गेलेले. म्हणजे त्या लाइनवर कधीतरी व्होल्टेज चढत होतं. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज पाच टक्के जास्त मिळालं तरी आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. तेव्हा धक्का मोठा असायची गरज नव्हती, अधूनमधून आला तरी पुरे.

तपासणी : मंद उजेड

गाडी डबल स्टँडवर, भिंतीकडे तोंड करून, शटर अर्धं खाली. दिवसाउजेडी हेडलाइट तपासून काही कळत नाही, भिंतीवरचा झोत बघावा लागतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर. हा मुद्दा पुन्हा सांगतो, कारण सवयीने हात डीसीवर जातो आणि मग शून्य वाचून ‘करंटच नाही’ असा निष्कर्ष निघतो. आणखी एक, रेग्युलेटरने कापलेला एसी हा घरच्या लाइटीसारखा गुळगुळीत नसतो. स्वस्तातला मीटर त्याचं माप नेमकं देत नाही. आकड्याकडे बाजूच्या आकड्याशी तुलना म्हणून बघायचं.

बल्ब जागेवर, पेटलेला, आणि प्रोब होल्डरच्या मागून. बल्ब काढून मोकळ्या होल्डरवर मोजलं तर व्होल्टेज छान दिसतं, कारण करंट वाहत नसतो. भार नसताना गंजलेली पिनही तेरा व्होल्ट दाखवते.

स्लोवर, म्हणजे रेस न देता, बल्बवर सात व्होल्टही नव्हते. बरी रेस दिल्यावर आरआरच्या कपलरवर, पिवळी (लाइटची) आणि हिरवी (अर्थची) वायर यांच्यात, १२ च्या जरा वर, बल्बवर १०. वाटेत दोन व्होल्ट कुठेतरी गळत होते. १२ व्होल्टच्या बल्बला १० मिळाले की उजेड साधारण निम्मा होतो, सहाव्या हिश्शाने कमी होत नाही. पिवळटपणाचं कारण समोर आलं.

मग गळती शोधायची. एक प्रोब स्विचच्या आधी, एक नंतर : नगण्य, पाव व्होल्टच्या आत. म्हणजे नवा स्विच ठीक, आणि बहुधा जुनाही ठीक होता. बल्बच्या अर्थ पिनपासून चॅसीपर्यंत : तेवढंच. होल्डरमध्ये येणारी लो बीमची वायर ते बल्बची पाती : १.९ व्होल्ट. गळती तिथेच.

होल्डर ओढून काढला. लो बीमचा खाचा तपकिरी होऊन फुगलेला, आतली पितळी लग (वायरच्या टोकाला दाबलेली पट्टी) निळसर-काळी पडलेली, तिची पकड सैल. वायरचं प्लास्टिक दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत कडक झालेलं, वाकवल्यावर तडकलं. वासाचा उगम हाच. हिशेब करून बघा : दोन व्होल्ट गुणिले सुमारे चार अँपिअर म्हणजे आठ वॅट उष्णता, आणि ती नखाएवढ्या लगेवर.

हे काम ६०/५५ च्या बल्बचं. ३५ वॅटच्या हिशेबाने केलेल्या लगेतून जास्त करंट गेला. ती तापली, सैल झाली, सैल झाली म्हणून अजून तापली. दुसरीकडे कॉइलची ताकद मर्यादित. स्लोवर ५५ वॅट ती देऊच शकत नाही, त्यामुळे भार वाढवला की व्होल्टेज खाली बसतं. मोठा बल्ब लावून उजेड कमी होतो तो असा. बॅटरीवर चालणाऱ्या लाइटमध्ये हे इतकं ठळक दिसत नाही, म्हणून कारवर काम केलेल्या माणसाच्या हे चटकन लक्षात येत नाही.

नवा होल्डर लावला, वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापून नव्या लगा दाबल्या, मूळ मापाचा ३५/३५ बल्ब. रेसवर आरआरपाशी १३, बल्बवर १२.६. भिंतीवर झोत पांढरा, वरची कड स्पष्ट.

निर्णयाची जागा : इथे थांबायचं का

या प्रकरणातला खरा प्रश्न इथे होता. गाडी चांगली दिसत होती. ताईंना दुपारी दोनला ड्युटीवर पोचायचं होतं. कॉइल प्लेट चांगली आहे हे सिद्ध झालं होतं, म्हणजे त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं होतं. गाडी देऊन टाकली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं.

पण तिन्ही दिवे का गेले, याला जळका होल्डर हे उत्तर नाही. होल्डर जळला तो मोठ्या बल्बने, आणि मोठा बल्ब आला तो छोटे उडत होते म्हणून. मूळ दोष अजून गाडीतच होता. उलट आता धोका वाढला होता : ६०/५५ चा जड भार लाइनला दाबून ठेवत होता, जळका होल्डरही वाटेत व्होल्टेज खात होता. दोन्ही अडथळे निघाल्यावर चढलेलं व्होल्टेज थेट नव्या बल्बवर येणार होतं. त्यांना हे सांगितलं, आणि रात्री सबवेत बल्ब उडण्यापेक्षा आज रिक्षाने जा म्हटलं. त्या थोड्या नाराजीने गेल्या. साहजिक आहे.

तपासणी : उडणारा बल्ब

नवा बल्ब काढून एक जुना, घासलेला ३५ वॅटचा लावला. पुढची परीक्षा बल्ब मारू शकते, नवा कशाला घालवायचा.

गाडी बंद ठेवून आरआरच्या हिरव्या वायरपासून चॅसीपर्यंत ओहम मोजले : ठीक. इथे पुष्कळ जण फसतात. बंद गाडीत, स्थिर उभ्या कपलरमध्ये, सैल पिनही टेकलेलीच असते. म्हणून गाडी चालू केली, पोऱ्याला रेस एका जागी धरायला लावली, मीटर पिवळ्या वायर आणि चॅसीमध्ये, आणि मी पुढचं पॅनल उघडून कपलर बोटांनी हलवत गेलो. वर-खाली : १३ वर स्थिर. मागे-पुढे : स्थिर. वायरींचा जुडगा खाली ओढला, आणि मीटर १८ च्या पुढे गेला. भिंतीवरचा झोत एकदम निळसर पांढरा. जुडगा सोडला, परत १३.

कपलर उघडला. हिरव्या वायरची पिन हिरव्याच बुरशीसारख्या गंजाने भरलेली, आणि समोरची मादी पिन पसरून रुंद झालेली. रेग्युलेटर जादा व्होल्टेज अर्थकडे वळवून लाइन ताब्यात ठेवतो. त्याची अर्थच सुटली तर तो नुसता बघत बसतो. खड्ड्यात गाडी आदळली, जुडगा ताणला, अर्थ क्षणभर गेली, लाइन मोकाट. म्हणून बल्ब विटाव्यासारख्या जागीच जायचे.

पाणी तिथे आलं कुठून, हेही बघितलं. पुढच्या मडगार्डचं खालचं रबर तुटून पडलेलं होतं, आणि चाकाचं पाणी थेट पॅनलच्या फटीतून वर उडत होतं. कपलरचं तोंड वर, म्हणजे आत गेलेलं पाणी आतच राहणार.

दुरुस्ती

आरआर चांगला होता, तो ठेवला. कपलरची दोन्ही बाजूंची अर्थ पिन नवी. नुसतं झाळकाम (सोल्डरिंग) केलं नाही, लग दाबूनच बसवली, कारण झाळलेली वायर जोडाच्या कडेला ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. बाकीच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ, वर पाणी आत जाऊ नये म्हणून थोडं डायइलेक्ट्रिक (करंट न वाहणारं) ग्रीस. जुडगा क्लिपने चॅसीला असा बांधला की कपलरवर ताण येणार नाही आणि त्याचं तोंड खाली राहील.

एक जादा अर्थ वायर द्यायची की नाही यावर माझ्या हाताखालच्या मुलाशी वाद झाला. त्याचं म्हणणं, कंपनीच्या वायरिंगला हात लावू नये. माझं म्हणणं, आरआरच्या हिरव्या वायरीवरून एक जोड काढून रंग खरवडलेल्या चॅसीच्या बोल्टवर दिली तर त्यात काही बिघडत नाही, आणि पिन पुन्हा गंजली तरी रेग्युलेटर उघडा पडत नाही. वायर दिली. त्याचा मुद्दा मात्र चुकीचा नाही. पुढचा मेकॅनिक ती वायर बघून गोंधळेल, म्हणून तिच्यावर चिठ्ठी गुंडाळून टेप मारला.

वायरींचे रंग मी या गाडीचे सांगितले : लाइटची पिवळी, चार्जिंगची पांढरी, बॅटरीची लाल, अर्थ हिरवी. दुसऱ्या कंपनीत रंग वेगळे असतात, डायग्राम बघूनच हात घालावा.

मीटर आणि टेललाइटचे दिवे नवे, मडगार्डचं रबर नवं. शेवटी हेडलाइटचा फोकस भिंतीवर खाली-वर करून बसवला. मोठ्या बल्बच्या काळात मंद उजेडावर उपाय म्हणून कोणीतरी फोकस वर उचलून ठेवला होता, समोरून येणारे डिपर का मारतात याचं उत्तर तिथे मिळालं.

निकाल

अंधार पडल्यावर गाडी कळवा नाक्यापर्यंत फिरवून आणली, मीटर बांधून. रेसवर व्होल्टेज तेराच्या आसपासच राहिलं, खड्ड्यातही उडी नाही. एकूण खर्च कॉइल प्लेटच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी झाला, त्यातही मजुरीच जास्त.

गाडी नेताना ताईंनी एक तक्रार केली : सिग्नलला उजेड अजूनही जरा उतरतो. उतरणारच. स्लोवर मॅग्नेट हळू फिरतं, तेव्हा व्होल्टेज कमी. या पद्धतीच्या वायरिंगचा तो स्वभाव आहे, दोष नव्हे, आणि हे गाडी देतानाच सांगितलं नाही तर माणूस पुन्हा कोणाकडे तरी जाऊन मोठा बल्ब लावून येतो. दिवाळीनंतर त्या ब्रेक शूसाठी आल्या तेव्हा बल्ब तोच होता. कपलर उघडून पाहिला, पिन कोरडी होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गॅरेजवर मी फार ठपका ठेवणार नाही. एक बल्ब उडाला तर बल्बच बदलतात, सगळेच. दुसरा पंधरा दिवसांत उडाला, तिथे थांबायला हवं होतं. त्या वेळी टेललाइटकडे नुसतं वाकून बघितलं असतं तरी दिशा कळली असती.

६०/५५ चा बल्ब हा मात्र टाळता येण्यासारखा प्रकार होता. त्याने मूळ दोष झाकला, नवा दोष तयार केला, आणि नंतरच्या दोघांना चुकीच्या वाटेवर नेलं. दुकानात बल्ब मागताना ‘स्कूटरचा हेडलाइट बल्ब’ एवढं न म्हणता जुना बल्ब हातात द्यावा आणि बैठकीवर कोरलेले वॅट वाचून घ्यावेत.

माझ्या क्रमातही बदल शक्य होता. कपलर हलवून बघण्याची परीक्षा आधी घेतली असती, तर दोन्ही दोष एकदमच हाती आले असते आणि ताईंना कदाचित दोनच्या आत गाडी मिळाली असती. पण ६०/५५ चा बल्ब लाइनवर असताना चढलेलं व्होल्टेज तितकं स्पष्ट दिसलं असतं का, याची मला शंका आहे. जड भाराखाली ते दबलं असतं, आणि १४-१५ चा आकडा बघून कोणीही ‘ठीक आहे’ म्हटलं असतं. तेव्हा अशा गाडीत मूळ मापाचा, जुना का होईना, बल्ब लावूनच पहिलं माप घ्यावं. आता दुकानात त्यासाठी ३५ वॅटचा एक बल्ब वायरी जोडून वेगळा ठेवला आहे.